रिंगणातील उमेदवारी

इ. स. १८५९ च्या जून महिन्यात इंग्लंडमधील न्यूकॅसल अपॉन टाइन या शहरी कुत्र्यांचे एक प्रदर्शन भरले. आधुनिक पद्धतीच्या श्वानप्रदर्शनांचा प्रारंभ सामान्यतः तेथून मानला जातो. पॉइंटर आणि सेटर या शिकारी कुत्र्यांच्या दोनच जातींना त्यात प्रवेश होता आणि विजेत्यांसाठी बंदुका बक्षीस ठेवल्या होत्या. निकाल लागला तो मात्र मोठा मौजेचा. पॉइंटरांत पहिला आलेला कुत्रा सेटरांच्या एका परीक्षकाचा निघाला, आणि सेटरांत पहिला आलेला कुत्रा पॉइंटरांच्या एका परीक्षकाचा! कोणीही स्वतःच्या कुत्र्याला स्वतः पहिला क्रमांक दिला नव्हता, ही गोष्ट खरी. त्या गृहस्थांनी लबाडी केली असेही आम्ही म्हणत नाही. कदाचित ते दोन्ही कुत्रे खरोखरच सर्वांत उत्तम असतील. परंतु नेमके हेच आज कोणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. ज्यांचे कुत्रे हरले त्यांनाही त्या दिवशी ते सांगता आले नसेल.

या सदरात आम्ही निरनिराळ्या कामांच्या रीतिभातींविषयी लिहीत असतो. श्वानपरीक्षणाचा विषय आमच्या वडीलधाऱ्या वाचकांना परका वाटेल, हे आम्ही जाणतो. कोकणातून आणि मुंबईतून अलिया करून आलेल्या पिढीला कुत्रा म्हणजे अंगणात पडून राहणारा, भाकरीच्या तुकड्यावर घराची राखण करणारा प्राणी. त्याला न्हाऊ घालावे, त्याचे केस विंचरावे, दोरीने धरून एखाद्या तिऱ्हाइतापुढे उभे करावे आणि त्या तिऱ्हाइताने त्याचे दात तपासावेत, हा प्रकार पुष्कळांना हास्यास्पद वाटतो. परंतु येथे जन्मलेल्या आमच्या मुलानातवंडांना तसे वाटत नाही. लोद, रामले, अश्दोद, बीर शेवा येथील आपल्या घरांतही आता जातिवंत कुत्री दिसतात. त्यांना घेऊन तरुण मंडळी प्रदर्शनांना जातात, आणि त्यांतील एखादा मुलगा वा मुलगी पुढे परीक्षकाच्या उमेदवारीची वाट धरते. मग आईवडील आम्हांस विचारतात : हे काम तरी कसले? त्यात मिळकत किती? आणि ओळखीच्या लोकांशी आमची मुलगी अशी तुटकपणे का वागू लागली?

मिळकतीचे उत्तर सोपे आहे. ती फारशी नाही. प्रवास, निवास आणि भोजन यांचा खर्च व त्यावर थोडासा भत्ता, एवढ्यावर बहुतेक परीक्षक काम करतात. पोटापाण्यासाठी दुसरा उद्योग असावाच लागतो. तुटकपणाचे उत्तर मात्र विस्ताराने द्यावयास हवे, कारण या विद्येचा निम्मा भाग त्यातच आहे.

आधी परीक्षकाच्या हाती काय असते ते पाहू. वरवर पाहता तो एक रंगीत फीत आणि एक कागद देतो. परंतु त्या कागदांच्या बळावर कुत्रा विजेता ठरतो, विजेत्या नराकडे दुरून दुरून माद्या आणल्या जातात, आणि काही वर्षांतच त्या जातीच्या शेकडो पिलांत त्याचे रक्त उतरते. त्याचे गुण उतरतात तसे दोषही उतरतात. नाक आखूड असणाराला परीक्षकांनी सतत वर काढले, की पैदास करणारे नाक आणखी आखूड करू पाहतात. शेवटी असा प्राणी जन्माला येतो की जो उन्हाळ्याच्या दुपारी धड श्वासही घेऊ शकत नाही. रिंगणात तीन मिनिटांत घेतलेल्या निर्णयाचे ओझे ज्याच्या पाठीवर पडते, त्याला त्या रिंगणात बोलण्याची सोय नसते. ‘तीन मिनिटे’ हे आम्ही अंदाजाने लिहिलेले नाही. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे प्रत्येक कुत्र्याचा लेखी अभिप्राय द्यावयाचा असेल तेव्हा परीक्षकाने तासाला सुमारे २० कुत्री पाहावीत, अशी अपेक्षा असते.

हे नियम ज्या संस्थेचे, ती एफ. सी. आय. या नावाने ओळखली जाते. ती १९११ साली स्थापन झाली आणि तिचे कार्यालय बेल्जियममध्ये आहे. इस्राएलातील श्वानसंघटना तिच्या सदस्यांपैकी एक असल्यामुळे येथील परीक्षकांना ते नियम लागू पडतात. उमेदवाराने प्रथम स्वतः काही वर्षे कुत्री पाळलेली, वाढविलेली किंवा प्रदर्शनांत आणलेली असावी लागतात. रिंगणात स्टुअर्ड म्हणून, म्हणजे परीक्षकाचा मदतनीस म्हणून, उभे राहावे लागते. शरीररचना, चाल, अनुवंश, आरोग्य, स्वभाव, जातीचे प्रमाणवर्णन आणि परीक्षणाची तंत्रे यांची परीक्षा द्यावी लागते. ती उतरल्यावर अनुभवी परीक्षकाच्या हाताखाली रिंगणात शिकावयाचे.

आपल्या मराठीत अशा शिकाऊ माणसाला ‘उमेदवार’ म्हणत. आज हा शब्द निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या गृहस्थांनी बळकावला आहे. पूर्वी सुताराच्या, शिंप्याच्या, कंपाउंडरच्या हाताखाली पोरे उमेदवारी करीत. उस्तादाच्या हाताकडे पाहावे, सांगितले तेवढे करावे, आणि गिऱ्हाइकासमोर तोंड उघडू नये. रिंगणातील उमेदवारीही त्याच जातीची आहे.

तो रिंगणात येतो तेव्हा कुत्री वर्गवारीने येतात : ९ ते १८ महिन्यांची तरुण कुत्री, १५ ते २४ महिन्यांची मधल्या वर्गातली, १५ महिन्यांपुढील खुल्या वर्गातली, आणि ८ वर्षांवरील वृद्ध. प्रथम सारी एकत्र वर्तुळात धावतात. नंतर एकेक पुढे येतो. लहान कुत्रा टेबलावर आणि मोठा जमिनीवर उभा करून परीक्षक त्याचे डोके, दात, छाती, पाठ, पाय हातांनी पाहतो. नर असेल तर दोन्ही अंडकोष योग्य ठिकाणी उतरले आहेत की नाहीत हेही पाहिले जाते. यात लाजण्यासारखे काही नाही आणि विनोद करण्यासारखे तर त्याहून नाही. नंतर कुत्र्याला सरळ रेषेत दूर नेऊन परत आणावयास सांगतात, कारण उभ्या कुत्र्याचे दोष कुशल मालक लपवू शकतो, चालत्या कुत्र्याचे लपत नाहीत.

हे सारे चालले असता उमेदवाराने कोठे असावे? परीक्षकाच्या मागे एका बाजूस, जेथून त्याला दिसेल परंतु तो कोणाच्या दृष्टीआड येणार नाही. परीक्षकाने सांगितल्याखेरीज त्याने कुत्र्याला हात लावू नये. एकाच कुत्र्याला दोन परक्या माणसांनी पाठोपाठ चाचपणे हे त्या प्राण्याला जाचक होते, आणि पिलू असेल तर ते पुढे जन्मभर रिंगणाला भिते. दात पाहावयाचे तर मालकाकडूनच ओठ उघडवून घेणे अधिक बरे. एका तोंडातून दुसऱ्या तोंडात हात नेल्याने रोगही जातो. मालकाशी बोलणे झालेच तर कुत्र्याचे वय विचारण्यापुरते. भुवया उंचावणे, हसणे, मान हलविणे, कोपऱ्यात उभ्या असलेल्या मित्राकडे अर्थपूर्ण दृष्टीने पाहणे, या साऱ्यांना रिंगणाबाहेरचे प्रेक्षक शब्दांहून अधिक भाव देतात. धूम्रपान व मद्यपान रिंगणात वर्ज्य आहे, आणि भ्रमणध्वनीही. आम्हांस विचाराल तर या तिहींत आजच्या तरुणांना तिसरे व्रत सर्वांत अवघड जाते.

वेषाविषयी दोन शब्द, कारण आमच्या भगिनी त्याबद्दल हमखास विचारतात. कपडे नीटनेटके व साधे, जोडे दिवसभर उभे राहता येईल असे. गळ्यात लोंबणारी माळ नको, वाऱ्याने उडणारी ओढणी नको, उग्र अत्तर नको. बांगड्या घरी ठेवाव्यात. वाकून कुत्र्याच्या डोक्याशी हात नेताना त्या किणकिणल्या की भित्रे कुत्रे मागे सरते, आणि मग दोष कुत्र्याच्या स्वभावाला दिला जातो.

आता ज्या जातीच्या बाबतीत हे सारे कसास लागते, आणि जिच्याविषयी आपल्याला विशेष आपुलकी वाटावी, त्या आपल्या देशाच्या कुत्र्याकडे वळू. कनानी कुत्रा, म्हणजेच ‘केलेव क्नाअनी’, हा इस्राएलचा राष्ट्रीय कुत्रा. दिमोना किंवा येरुहाम येथील वाचकांनी नेगेवमधील बदावी लोकांच्या तंबूंजवळ त्याचे भाऊबंद पाहिले असतील. उभे कान, पाठीवर वळलेली झुपकेदार शेपटी, ५० ते ६० सेंटिमीटर उंची, १८ ते २५ किलो वजन, अंगावर वाळूसारखा, तांबूस, काळा किंवा पांढरा रंग. आपल्यातील एखाद्या आजीबाईने त्याला पाहून ‘अगं, हा तर आपला गावठी कुत्रा!’ असे उद्गार काढले तर तिला हसू नये. अलिबाग, पेण, रेवदंडा येथील गल्लीबोळांत फिरणारा कुत्रा आणि हा कुत्रा यांची ठेवण खरोखरच जवळची आहे. माणसाने जाणूनबुजून न घडविलेल्या, वस्तीच्या कडेला स्वतःच्या हिमतीवर जगलेल्या अशा कुत्र्यांना युरोपातील शास्त्रज्ञांनी ‘पारिया’ हे नाव दिले. तो शब्द दक्षिण हिंदुस्थानातील एका कष्टकरी समाजाच्या नावावरून घेतलेला आहे. एका मानवसमूहाचे नाव असे बेवारशी कुत्र्यांना चिकटवावे हे आम्हांस कधीच रुचले नाही, आणि ‘गावठी’ हा आपला साधा शब्द त्याहून शतपटीने सभ्य वाटतो.

या कुत्र्याला प्रतिष्ठा मिळवून दिली ती डॉ. रुडॉल्फिना मेंझेल या विदुषीने. १८९१ साली व्हिएन्नात जन्मलेल्या या बाई १९३८ साली पतीसह या देशात आल्या आणि हैफाजवळील किर्यात मोत्स्कीन येथे राहिल्या. हागानासाठी त्यांनी कुत्री शिकविली. युरोपीय जातींची कुत्री येथील उन्हाने हैराण होतात हे पाहून त्यांनी वाळवंटाच्या कडेची अर्धवट रानटी कुत्री व त्यांची पिले मिळविली, माणसाळविली आणि कामाला लावली. आंधळ्यांना वाट दाखविणारी कुत्री शिकविण्याचे कार्यही त्यांनी १९४९ पासून चालविले. त्यांनी लिहिलेले कनानी कुत्र्याचे प्रमाणवर्णन एफ. सी. आय. ने १९६६ साली मान्य केले. १९७३ साली बाईंचे निधन झाले. पुढे १९८७ साली जागतिक श्वानप्रदर्शन इस्राएलमध्ये भरले, तेव्हा टपाल खात्याने या कुत्र्याचे तिकीटही काढले.

अनोळखी माणसाविषयी संशय हा या कुत्र्याच्या प्रमाणवर्णनातच नमूद केलेला स्वभाव आहे. ज्याचे पूर्वज प्रत्येक नव्या चाहुलीला सावध झाले म्हणूनच जगले, तो परीक्षकाला पाहून शेपटी हलवीत धावत येईल, अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याने आपली जात सोडावी अशी अपेक्षा करणे होय. युरोपातील लाडावलेल्या जातींवर हात बसलेला उमेदवार येथे फसतो. तो समोरून झपाट्याने येतो, कुत्र्यावर ओणवतो, दोन्ही हातांनी डोके धरतो. कुत्रा मागे हटतो, आणि उमेदवार कागदावर लिहितो : भित्रा. जाणता परीक्षक कुत्र्याला दिसेल अशा बाजूने, संथपणे येतो, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहत नाही, आवश्यक तेवढा स्पर्श करतो आणि दूर होतो. अर्थात चावावयास धावणाऱ्या कुत्र्याला क्षमा नाही. संशयी असणे आणि अंगावर येणे यांतील भेद ओळखणे हेच तर शिकावयाचे असते. या जातीपुढे उमेदवाराची जी परीक्षा होते ती कोणत्याही लेखी परीक्षेत होत नाही, असे आमचे मत आहे.

आता त्या ‘तुटकपणा’कडे येऊ.

नियम सांगतात की, आपल्या रिंगणात कुत्रा आणणाऱ्या माणसाबरोबर परीक्षकाने प्रदर्शनाला जाताना प्रवास करू नये. त्याच्या घरी उतरू नये. परीक्षण होईपर्यंत त्याच्याशी ऊठबस ठेवू नये. स्वतःचा कुत्रा, किंवा गेल्या सहा महिन्यांत आपण शिकविलेला, सांभाळलेला अथवा विकलेला कुत्रा त्याच्या रिंगणात नसावा. परीक्षण आटोपेपर्यंत त्याने प्रदर्शनाची सूचिपुस्तिका पाहू नये, कारण तीत कुत्र्यांची नावे, आईबाप आणि मालक छापलेले असतात. परीक्षक म्हणून आपल्याला बोलवावे अशी मागणी त्याने स्वतः कोणाकडे करू नये. उमेदवाराच्या हाती निकाल नसला, तरी त्याने पहिल्या दिवसापासून हेच अंगवळणी पाडावयाचे असते. ज्या दिवशी निकाल हाती येईल त्या दिवशी नव्या सवयी लागत नाहीत.

मोठ्या देशात हे पाळणे सोपे. आपला देश लहान. एकेका जातीची कुत्री पाळणारी घरे मोजकी, ती सारी एकमेकांना ओळखणारी, आणि उद्याचा परीक्षक त्यांतूनच निघणारा. त्यात आपला बेने इस्राएल समाज त्याहून लहान, आणि आपल्याकडे पाहुण्याने नको म्हणणे म्हणजे अपमान! आमच्या परिचयातील एका मुलीने उमेदवारीच्या पहिल्याच वर्षी शेजाऱ्यांच्या मोटारीतून प्रदर्शनाला जाण्याचे नाकारले, कारण त्याच मोटारीत त्यांचा कुत्राही होता आणि तो तिच्याच रिंगणात यावयाचा होता. ती पहाटेच्या बसने गेली. शेजारीण तिच्या आईला म्हणाली, ‘तुमच्या मुलीला आमची गाडी चालत नाही वाटतं?’ आईला वाईट वाटले, आणि तिने मुलीला चार शब्द सुनावले. आमच्या मते मुलीचे वागणे शंभर टक्के योग्य होते. उणीव एवढीच की, कारण काय ते त्या दोघींना आधी कोणी समजावून सांगितले नव्हते. घरच्यांना अगोदर नियम सांगून ठेवणे हे उमेदवाराच्या तयारीत धरलेच पाहिजे.

हा नियम ब्रुसेल्सकडच्या साहेबांनी काढला असे ज्यांना वाटते, त्यांना आम्ही आपल्याच परंपरेकडे नेऊ इच्छितो. न्यायाधीशाने तोंड पाहून न्याय करू नये व लाच घेऊ नये, ही आज्ञा ज्या परिच्छेदाच्या आरंभी येते तो ‘शोफेतीम’ आपण दर वर्षी एलूल महिन्याच्या सुमारास सिनेगॉगमध्ये ऐकतो. लाच म्हणजे केवळ पैसा असे मात्र आपल्या रब्बींनी मानले नाही. तालमूदात कथुबोथ या भागात यासंबंधी काही गोष्टी एकत्र आल्या आहेत. रब्बी श्मुएल एकदा नावेतून पलीकडे जात असता एका माणसाने पुढे होऊन त्यांना हाताचा आधार दिला. येथे कसे येणे केलेत, असे त्यांनी विचारता तो म्हणाला की आपला एक दावा आहे. त्यावर, तुझ्या दाव्यात मी न्यायाधीश म्हणून चालणार नाही, असे त्यांनी सांगून टाकले. नावेतून उतरताना दिलेला हात, बस्स! मोटारीतून दिलेल्या पन्नास मैलांच्या प्रवासाची मग कथा काय?

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. रब्बी योसे यांचे पुत्र रब्बी इश्माएल यांचा एक कूळ होता. तो दर शुक्रवारी त्यांच्याच मळ्यातील फळांची टोपली त्यांना आणून देई. एका आठवड्यात त्याने ती गुरुवारीच आणली, कारण त्या दिवशी गावात त्याचा दावा होता आणि येतोच आहोत तर फळेही आणावीत असे त्याला वाटले. फळे रब्बींचीच होती. तरीही त्यांनी ती घेतली नाहीत आणि त्याच्या दाव्यातून स्वतःला दूर करून दुसऱ्या विद्वानांना न्यायास बसविले. पुढे येताजाता त्यांच्या ध्यानात आले की आपले मन त्या माणसाच्या बाजूने चालले आहे. याने असे म्हटले तर बरे, तसे म्हटले तर दावा जिंकेल, असे विचार आपोआप येत आहेत. न घेतलेल्या, त्यातून स्वतःच्याच मालकीच्या फळांनी माझी ही अवस्था झाली, तर प्रत्यक्ष लाच घेणाऱ्याचे काय होत असेल, असा विचार त्यांच्या मनात आला.

उमेदवाराला शिकविण्यासाठी याहून चांगला पाठ आम्हांस माहीत नाही. ‘मी त्यांच्या घरी जेवलो तरी निकाल प्रामाणिकच देईन’ असे तरुण माणूस म्हणतो, आणि तो खोटे बोलत नसतो. परंतु रिंगणात दोन कुत्री जवळजवळ सारखी उभी राहिली की डोळे जेवणाच्या बाजूने वळतात, व ते वळले हे डोळ्यांच्या धन्यालाच कळत नाही. उलटही घडते. मी पक्षपाती नाही हे जगाला दाखविण्यासाठी काही जण ओळखीच्याच चांगल्या कुत्र्याला मागे सारतात. तोही अन्यायच. कोकणात आपल्या पूर्वजांचे काजी धार्मिक विधींबरोबर आपापसांतील तंटेही पाहत. ज्यांच्यात राहावयाचे त्यांचाच निवाडा करावयाचा, ही अडचण आपल्या समाजाला नवी नाही.

येथवर सांगितले ते बाहेरच्या मोहांविषयी झाले. सर्वांत कठीण प्रसंग रिंगणाच्या आतच येतो. उमेदवाराला स्वतःचे अभिप्राय व स्वतःचा क्रम कागदावर मांडावा लागतो, आणि ज्या परीक्षकाच्या हाताखाली तो शिकत असतो तोच त्याच्याविषयी मत देतो. समजा, ज्येष्ठ परीक्षकाने ज्या कुत्र्याला पहिला ठरविला त्याचा श्वास घरघरत आहे, रिंगणाची एक फेरी होताच तो जीभ काढून थांबतो आहे, डोळे लाल आहेत. उमेदवाराने काय लिहावे? ज्येष्ठांचा क्रम उतरवून काढला तर उमेदवारी सुरळीत पार पडेल. पुष्कळ जण असेच करतात, असा आमचा संशय आहे.

यासंबंधी ब्रिटनमध्ये काय घडले ते सांगण्यासारखे आहे. २००८ साली बी. बी. सी. ने दाखविलेल्या एका माहितीपटाने जातिवंत कुत्र्यांच्या व्याधी चव्हाट्यावर आणल्या आणि मोठी खळबळ उडाली. पुढे २०१२ साली क्रफ्ट्स या विख्यात प्रदर्शनात १५ जातींच्या बाबतीत असा नियम केला की, परीक्षकाने जातीत सर्वोत्तम ठरविलेला कुत्रा स्वतंत्र पशुवैद्याने तपासावा आणि तो निकोप ठरला तरच पुढच्या फेरीत जावा. त्या वर्षी ६ कुत्री नापास झाली : पेकिनीज, बुलडॉग, क्लंबर स्पॅनियल, मॅस्टिफ, निआपोलिटन मॅस्टिफ आणि बॅसेट हाउंड. परीक्षकांत व पैदास करणाऱ्यांत संतापाची लाट उसळली. आमच्या दृष्टीआड बाहेरचा वैद्य बसविणे हा आमचा अपमान आहे, असे कित्येकांनी म्हटले. त्यांच्या संतापात थोडे तथ्यही होते. आयुष्य घालवून कमावलेली नजर एका तपासणीने बाजूस सारावी हे कोणालाही बोचेल. परंतु ज्या सहा रिंगणांत ती कुत्री पहिली आली, तेथे कोणीतरी त्यांचे डोळे पाहिले होते आणि त्यांचा श्वास ऐकला होता, हेही नाकारता येत नाही.

म्हणून आमचे उत्तर असे : उमेदवाराने जे पाहिले तेच लिहावे. घरघर ऐकली असेल तर ‘श्वास मोकळा नाही’ असे लिहावे आणि आपल्या क्रमात त्या कुत्र्याला त्याच्या योग्य जागी ठेवावे. ज्येष्ठांनी कारण विचारले तर नम्रपणे, प्रमाणवर्णनाच्या आधाराने सांगावे. त्यांचे उत्तरही मन लावून ऐकावे, कारण दहापैकी सात वेळा त्यांना दिसलेले आपल्याला दिसलेले नसते. मात्र हा मतभेद त्या दोघांतच राहिला पाहिजे. रिंगणाबाहेर येऊन ‘माझ्या मते तर तुमचाच कुत्रा पहिला होता’ असे हरलेल्या मालकाच्या कानात सांगणारा उमेदवार एका वाक्यात तिघांचा घात करतो : ज्येष्ठांचा, जिंकलेल्याचा आणि ज्याला तो खूश करू पाहतो त्या बिचाऱ्याचाही. ज्येष्ठ परीक्षकाने यावरून राग धरला तर? धरील, कोणी धरीलही. एखादे वर्ष वाया जाईल. दुसऱ्या परीक्षकाच्या हाताखाली पुन्हा उभे राहावे लागेल. हे नुकसान खरे आहे आणि ते आम्ही लहान करून सांगणार नाही. पण ते माणसाचे नुकसान आहे. ज्याला बोलता येत नाही त्या प्राण्याच्या पुढल्या पिढ्यांचे नुकसान त्याच्याशी तोलून पाहावे.

अभिप्राय कसा लिहावा हाही शिष्टाचाराचाच भाग होय. तो मालकाच्या हाती पडतो, घरी मोठ्याने वाचला जातो, पुष्कळदा मुलेही ऐकतात. आधी गुण, मग दोष, दोन्ही नेमक्या शब्दांत. ‘सुंदर कुत्रा’ हा अभिप्राय नव्हे, आणि ‘निकृष्ट मागचे पाय’ हाही नव्हे. ‘डोक्याची ठेवण उत्तम, छाती पुरेशी खोल, मागील पायांना कोन कमी असल्यामुळे चाल आखूड पडते’ असे लिहिले की मालकाला काही कळते आणि पुढची पैदास करताना उपयोगी पडते. ‘उत्कृष्ट’ ही श्रेणी खिरापतीसारखी वाटू नये. मालक रडवेला झाला म्हणून ‘चांगला’चे ‘अति चांगला’ करू नये. ज्या कुत्र्याला नीट पाहताच आले नाही, त्यासाठी ‘परीक्षण अशक्य’ अशी स्वतंत्र नोंद नियमांत आहे, तिचा उपयोग करण्यात कमीपणा नाही. उमेदवाराने आपल्या अभिप्रायांची एक प्रत वहीत जपून ठेवावी. तोच कुत्रा दोन वर्षांनी पुन्हा समोर आला की ती वही कोणत्याही गुरूपेक्षा अधिक बोलते.

ज्या घरांत असा उमेदवार आहे त्यांच्यासाठी आणखी थोडे. प्रदर्शनाच्या आधीच्या आठवड्यात कोणी मालक मिठाईचा पुडा घेऊन आला, तर तो हसतमुखाने परत करावा आणि ‘प्रदर्शन झाल्यावर अवश्य या’ असे सांगावे. हे काम आईवडिलांनी अंगावर घेतले तर मुलांचा भार पुष्कळ हलका होतो. निकाल सर्वांसमक्ष जाहीर होतात. तेव्हा संध्याकाळी ‘कोण पहिला आला?’ असे खुशाल विचारावे. ‘अमक्याचा का नाही आला?’ हे मात्र विचारू नये. आणि परीक्षण आटोपल्यावर, शेवटचा कागद सहीनिशी दिला गेल्यावर, नियमांचा अडसर राहत नाही. मग कोणाबरोबरही चहा घ्यावा, गप्पा माराव्यात. वर सांगितलेली मुलगी त्या दिवशी घरी परतली ती त्याच शेजाऱ्यांच्या मोटारीतून, मागच्या बाकावर, तिसऱ्या क्रमांकाची फीत मिळालेल्या त्यांच्या कुत्र्याशेजारी बसून.